शुक्रवारची साखळी

दर शुक्रवारी संध्याकाळी काळा सूट घालून, उंच हॅटचा गोल डबा हातात घेऊन मी घराबाहेर पडायचो, तेव्हा बायको दारातून म्हणायची, "निघाला जादूगार. कबूतर घेतलंस का?" वीस-बावीस वर्षं ती हे म्हणत आली. आताही मी शुक्रवारी बाहेर पडतो, पण हॅट नसते आणि ती काही म्हणत नाही. हातात जेवणाचा डबा देते. त्यात मऊ भात असतो, वरून तूप.

मी फ्रीमेसन होतो. हे वाक्य भूतकाळात लिहायला मला वर्ष लागलं. आपल्याकडे फ्रीमेसन म्हटलं की लोकांना कवट्या आणि मेणबत्त्या दिसतात. लहानपणी पुण्याच्या कॅम्पातल्या त्यांच्या बंगल्याला आम्ही पोरं भूतबंगला म्हणायचो आणि अंधार पडल्यावर तिथून सायकली जोरात हाणायचो. त्याच भूतबंगल्याच्या हॅम्बर्गमधल्या भावंडात मी निम्मं आयुष्य काढलं. आत भुतं नव्हती. निवृत्त दंतवैद्य होते, विमा कंपनीतले साहेब होते, ऑर्गन वाजवणारा एक संगीतशिक्षक होता, आणि बहुतेकांना गुडघेदुखी होती. सासूबाईंना मी एकदाच सांगितलं की मी शुक्रवारी लॉजवर जातो. त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी बायकोने त्यांना माझा एप्रन दाखवला, पांढरा, कातडी. त्या म्हणाल्या, "घरात सत्यनारायणाला सोवळं नेसायचा कंटाळा, आणि तिकडे जाऊन हे बांधतात?"

त्यांचं चुकत नव्हतं. मी काही तत्त्वज्ञानाच्या ओढीने तिथे गेलो नव्हतो. मी गेलो एका माणसामुळे.

आम्ही तेव्हा फिंकेनवेर्डरला राहायला आलो होतो, एल्बे नदीच्या पलीकडे. मी विमानांच्या कामात होतो आणि कामाची जागा जवळ होती. खालच्या मजल्यावर एकटे गृहस्थ राहत, जहाजांच्या इंजिनांवर आयुष्य घालवलेले निवृत्त इंजिनिअर. पत्नी वारलेली, मुलगा ड्रेस्डेनला चिप बनवण्याच्या कारखान्यात. जिन्यात भेटले की 'मॉइन' म्हणायचे आणि पुढे जायचे, एवढीच ओळख.

त्या हिवाळ्यात पुण्याला माझे वडील गेले. धुक्याने विमानं बंद होती. मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार हे दुपारीच कळलं. अग्नी चुलतभावाने दिला. मुलगी लहान होती, तिच्यासमोर रडायचं नाही म्हणून मी घराबाहेर येऊन जिन्यात बसलो. खालून ते वर आले. मला पाहिलं, काही विचारलं नाही, शेजारच्या पायरीवर बसले. इथल्या जिन्यातले दिवे थोड्या वेळाने आपोआप विझतात. दिवा विझला की ते गुडघ्यावर हात टेकून उठत, बटण दाबत, आणि परत येऊन बसत. किती वेळा उठले असतील ते मला सांगता येणार नाही. शेवटी म्हणाले, "थंडी वाजतेय, आत जा," आणि खाली गेले.

त्या दिवसापासून बायको त्यांना आजोबा म्हणायला लागली. मीही घरात तेच म्हणायचो.

पुढे काही महिन्यांनी त्यांनी मला लॉजबद्दल सांगितलं. म्हणाले, "आम्ही काही पुरुष शुक्रवारी एकत्र बसतो. तुला बरं वाटेल." आत जायचं तर आतल्या कुणीतरी तुमच्यासाठी जामीन राहावं लागतं, ते राहिले. दीक्षेच्या दिवशी मला हातमोज्यांचे दोन जोड मिळाले, दोन्ही पांढरेशुभ्र. एक माझ्यासाठी आणि दुसरा, ज्या स्त्रीला तुम्ही सगळ्यात जास्त मानता तिच्यासाठी. ही त्यांची जुनी रीत आहे. बायकोने तो जोड हातात घालून पाहिला, म्हणाली, "हे घालून मी भाकऱ्या थापायच्या का?" मग टिशू पेपरमध्ये गुंडाळून पैठणीच्या घडीत ठेवला. म्हणजे आवडला होता.

लॉजमधल्या कामकाजाबद्दल मी बोलणार नाही, शब्द दिला आहे आणि तो मी मोडत नाही. पण शेवटी काय होतं ते कुणाही जर्मन पुस्तकात छापलेलं आहे. सगळे हातमोजे काढतात, गोल उभे राहतात, हात छातीवर आडवे करून शेजाऱ्यांचे हात धरतात. उजवा डाव्यात, डावा उजव्यात. याला भावांची साखळी म्हणतात. ज्या देशात कामावरचा माणूस दहा वर्षांनीही हात लांबूनच हलवतो, तिथे दर शुक्रवारी दोन उघडे, उबदार हात मला मिळायचे. हसू नका. त्या हातांवर मी आई गेली तेव्हा तगलो, नोकरी जायची पाळी आली तेव्हाही.

आजोबा आणि मी फेरीबोटीने जायचो. मांडीवर हॅटचे डबे घेऊन बसलेल्या आम्हा दोघांकडे पर्यटक टकमक बघायचे. पहिल्याच हिवाळ्यात एकदा ते दुपारीच शहरात गेले होते आणि मला मागून एकट्याने जायचं होतं. धुक्याने फेरी बंद पडली. मी बस पकडून, धावत, घामाघूम पोचलो तेव्हा काम सुरू झालेलं होतं आणि मोठं दार बंद. उशिरा आलेल्याने दार ठोठावून परवानगी मागायची असते. नव्या माणसाला त्याची फार लाज वाटते. बाहेरच्या दालनात आजोबा उभे होते, एप्रन बांधून, हॅट घालून. ते आत गेलेच नव्हते. म्हणाले, "मी थांबलो होतो. चल, दोघांनी मिळून ठोठावू." आत गेल्यावर त्यांना उशिराबद्दल टोमणा बसला, मला नाही.

हे एवढं सविस्तर सांगतो आहे, कारण नंतर जे झालं ते मी कशाशी ताडून पाहिलं हे कळावं.

आजोबांना विसर पडायला लागला तेव्हा ते पंच्याऐंशीच्या पुढे होते. आधी चाव्या, मग फेरीचा धक्का, मग मुलाचं नाव. गंमत अशी की लॉजमधले सगळे पाठ त्यांच्या तोंडी जसेच्या तसे होते. तिथे प्रत्येकाची वाक्यं ठरलेली असतात, आणि ज्याची त्यानेच म्हणायची. आजोबा सगळ्यांचीच म्हणायला लागले. आधी हळू, ओठातल्या ओठात. मग मोठ्याने. मग अध्यक्षांच्या आधी. अध्यक्ष चाचरले की आजोबा पुढचा शब्द पुरवायचे, आणि तो बरोबर असायचा. त्याचाच जास्त त्रास झाला बहुधा.

आमचे अध्यक्ष करसल्लागार होते. जर्मनमध्ये या पदाला 'खुर्चीवरचा मास्तर' म्हणतात, आणि या माणसाला खुर्ची शोभायची. आवाज मधाळ, नखं स्वच्छ. त्यांनी मला जेवणानंतर बाजूला घेतलं.

"आल्झो, हे बघ, प्रिय भाऊ," ते म्हणाले, "आपल्याला त्यांची व्युर्दे जपली पाहिजे."

व्युर्दे म्हणजे प्रतिष्ठा, मानमरातब. इतकी वर्षं इथे काढल्यावर मला एक कळलंय. जर्मन माणूस म्हाताऱ्याच्या प्रतिष्ठेबद्दल बोलायला लागला की समजावं, त्याला घरी बसवायचं ठरलेलं आहे.

"म्हणजे काय करायचं?" मी विचारलं.

"त्यांना दगदग नको. तू त्यांना इतक्या लांबून आणतोस, हे फार थोर आहे. पण आता नको."

पुढच्या शुक्रवारी त्यांना मानद सदस्य केलं. टाळ्या झाल्या. आजोबांनी उठून सुंदर भाषण केलं, तीस वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी समारंभाचं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी त्यांना घेऊन गेलो, कारण ते सूट घालून माझ्या दारात उभे होते आणि मला नाही म्हणता आलं नाही. दारावरच्या भावाने त्यांचा कोट अगदी प्रेमाने काढून घेतला, त्यांना खालच्या बैठकीच्या खोलीत बसवलं, कॉफी दिली, केक दिला. मला म्हणाला, "तू वर जा, इथे ते मजेत राहतील."

काम संपलं, साखळी झाली, मी सगळ्यांच्या आधी खाली आलो. केकला हात लागलेला नव्हता. वरून ऑर्गन ऐकू आला असणार, आणि कुठल्या सुरावर साखळी होते हे त्यांच्या अंगात मुरलेलं. आजोबा खोलीच्या मधोमध उभे होते. हात छातीवर आडवे घेतलेले, दोन्ही पंजे उघडे, बाजूला पसरलेले. कुणीच धरलेले नव्हते. मी धावत जाऊन एक धरला. ते म्हणाले, "आज फार वेळ लागतोय."

मला त्या दिवशी जो राग आला तो अजून गेलेला नाही. पुढच्या बैठकीत मी बोललो. शिक्षण आणि पगार असूनही माझं जर्मन रागात तुटकं होतं, तरी बोललो. म्हटलं, त्यांनी मध्येच वाक्यं म्हटली तर म्हणू द्या, आपलं काय जातं? सगळ्यांनी मान डोलावली. "गेनाऊ," म्हणाले. "अगदी बरोबर." एकाने डोळे पुसले. मला इतका भरघोस पाठिंबा आयुष्यात कधी मिळाला नव्हता, आणि त्यातून काहीही झालं नाही. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

मग आजोबा पडले. कंबरेचं हाड मोडलं. मुलगा ड्रेस्डेनहून आला, दोन आठवडे धावपळ केली, नदीच्या शहराकडच्या काठावर एका वृद्धाश्रमात जागा मिळवली, घर विकलं. त्याला मी दोष देत नाही. माझे आईवडील कुणाच्या भरवशावर गेले हे मला माहीत आहे. मी लॉजमध्ये उभं राहून आश्रमाचा पत्ता सांगितला, भेटायच्या वेळा सांगितल्या, फेरीच्या धक्क्यापासून चालत जाता येतं हेही सांगितलं. त्यांना काय आवडतं ते सांगितलं: गप्पा नकोत, नुसतं शेजारी बसलं तरी चालतं. भावांनी खिशातून फोन काढून लिहून घेतलं.

आश्रमातल्या मदतनीस बाईला मी दर वेळी विचारायचो, "कुणी आलं होतं का?" ती नाही म्हणून मान हलवायची. एकदा म्हणाली, "तुमची पत्नी आली होती मंगळवारी." बायको मला न सांगता जात होती. आजोबांना तिथला ब्रेड चाववत नव्हता, म्हणून मऊ भात नेत होती.

"त्यांना अजून मेतकूट आवडतं रे," ती म्हणाली. "नाव विसरलेत. पिवळी पूड म्हणतात."

नोव्हेंबरात लॉजमध्ये शोकसभा असते. रविवारी दुपारी, काळे पडदे, मोजक्या मेणबत्त्या. वर्षभरात जे भाऊ गेले त्यांची नावं अध्यक्ष वाचतात. प्रत्येक नावानंतर हातोड्याचा एक ठोका, आणि मधल्या गालिच्यावर एक पांढरा गुलाब. खरं सांगायचं तर वर्षभरातल्या सगळ्या कामांत मला ही सभा सगळ्यात आवडायची. वडिलांना जे मी देऊ शकलो नाही ते तिथे दर वर्षी थोडं थोडं देत आलो.

त्या रविवारी सकाळी मी आजोबांकडे होतो. त्यांना खिमट भरवलं, हनुवटी पुसली, आणि तिथूनच सूट घालून सभेला गेलो. नावं सुरू झाली. ठोका, गुलाब. ठोका, गुलाब. मग अध्यक्षांनी आपल्या मधाळ आवाजात आजोबांचं नाव घेतलं.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. ठोका पडला. गुलाब ठेवला गेला. अध्यक्ष दोन वाक्यं जास्त बोलले: असा भाऊ पुन्हा होणे नाही, आमच्या साखळीतली ही जागा कधी भरून निघणार नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते ऐकून होतो. इथे तर म्हैस जिवंत होती.

त्या सभेत मध्ये बोलायची रीतच नाही. इतर वेळी परवानगी मागता येते, तिथे तीही नाही. मी उभा राहिलो आणि बोललो.

"ते जिवंत आहेत. आज सकाळी मी त्यांना भरवून आलोय."

ऑर्गनवाल्याला वाटलं असावं की त्याने कुठेतरी सुरुवात करायची राहिली. त्याने वाजवायला घेतलं आणि थांबवलं. अध्यक्ष म्हणाले, "धन्यवाद, भाऊ. नोंद घेतली आहे." आणि पुढचं नाव वाचलं. गुलाब तिथेच राहिला. उचलायचा कसा, हे कुठल्याच पाठात लिहिलेलं नव्हतं, आणि पाठात नाही ते करायची त्या पंचवीस-तीस शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाचीही छाती झाली नाही. मी गालिच्यावर चालत गेलो, त्यावर तसं चालायचं नसतं, गुलाब उचलला आणि जागेवर येऊन बसलो.

शेवटी साखळी झाली. दोन्ही बाजूंच्या भावांनी माझे हात घट्ट दाबले. ते दाबणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मग जेवण. भोपळ्याचं सूप होतं. सचिवांनी येऊन माझी क्षमा मागितली, माझ्या पायावर पाय पडल्यासारखी. झालं होतं असं की फिंकेनवेर्डरहून जाताना एका भावाला बेलशेजारची आजोबांची पाटी दिसली नाही, तिथे दुसरं नाव होतं. त्याने ते सचिवांना सांगितलं, आणि त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. मी सगळ्यांसमोर सांगितलेला पत्ता कुणाच्या लक्षात नव्हता. टेबलावर बराच वेळ चर्चा चालली की अशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय व्यवस्था करावी. 'पाइनलिश,' सगळे म्हणत होते, फार लाजिरवाणं. मी सूप हलवत एका प्रश्नाची वाट पाहत होतो. कुणीतरी विचारेल, कसे आहेत ते? सूप गेलं, भाजलेलं मांस आलं, गेलं, कॉफी आली. कुणी विचारलं नाही. निघताना अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, त्यांच्या मुलाच्या कानावर हे गेलं नाही तर बरं.

घरी आलो तेव्हा बायको चहा करत होती. गुलाब ओट्यावर ठेवून मी सगळं सांगितलं. आधी ती हसली, खरंच हसली, पदराने तोंड दाबून. मग आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि टिशू पेपरमधले हातमोजे आणून माझ्यापुढे ठेवले.

"तुझे देशील तेव्हा हेही दे."

"मी सोडतोय असं कुठे म्हटलं?"

"तू सूट काढला नाहीस अजून," ती म्हणाली. "काढ आणि चहा घे."

मी सोडलं. एप्रन, हॅट, हातमोज्यांचे दोन्ही जोड परत केले. त्यांनी नीट निरोप दिला, निंदा केली नाही. काही जणांची मला अजून आठवण येते, आणि ती येते याचाच राग येतो. जी माणसं वाईट नाहीत त्यांच्यावर कसं रागवायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. कधी वाटतं, मीच त्या शब्दाकडून जास्त मागितलं. भाऊ म्हणायचं म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपुरतं, हे बाकी सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक असावं. पण जिन्यातला दिवा लावायला पुन्हा पुन्हा उठणाऱ्या माणसाला ते ठाऊक नव्हतं, आणि मी तो शब्द त्याच्याकडून शिकलो होतो.

एक गोष्ट राहिली होती. माझ्यासाठी जामीन राहिलेल्या माणसाला सांगायला हवं होतं. नंतरच्या शुक्रवारी दुपार कलताना मी आश्रमात गेलो. मदतनीस बाई म्हणाली, आज वार कसा कळला कुणास ठाऊक, दुपारपासून काळा सूट मागून घेतला आणि लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसलेत. ते तसेच बसले होते, हात मांडीवर, मांडीवर हॅटचा डबा असल्यासारखे. मी शेजारी बसलो.

"मी लॉज सोडली," मी म्हणालो. लॉजमध्ये सगळ्यांना 'तू' म्हणायचं असतं, आणि जर्मनमध्ये मी त्यांना तसं म्हणायचोही. मनात मात्र कायम 'तुम्ही'च होतं. "तुम्ही मला आत नेलं होतंत. म्हणून तुम्हाला सांगायला आलो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं नाव त्यांना आठवत होतं का, मला कळलं नाही. पण चेहरा उजळला, आणि त्यांनी माझ्या पावसात भिजलेल्या कोटावरून हात फिरवला.

"फेरी बंद होती का?"

मी तो हात हातात धरला.

"असू दे," ते म्हणाले. "मी थांबलो होतो."

वॉकरला धरून ते उठले. बोळाच्या टोकाला जेवणाच्या खोलीचं दार होतं, बंद. आतून ताटल्यांचे आवाज येत होते. आम्ही हळूहळू तिथवर गेलो. आजोबांनी मूठ वर केली आणि माझ्याकडे पाहत राहिले, मी माझी वर करेपर्यंत.

आम्ही दोघांनी मिळून ठोठावलं.